आधी होम, मग थिएटर

आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. लॅपटॉप कुठला घेऊ, वाय-फाय कुठलं घेऊ आणि नवीन घरात होम थिएटर कुठलं बसवू. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दर सहा महिन्यांनी बदलतात, त्यामुळे ती मी टाळतो. तिसऱ्याबद्दल मात्र माझं एक ठाम मत आहे आणि ते ऐकून विचारणारा बहुतेक वेळा हिरमुसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर हा प्रश्न चहाच्या टेबलावर वरचेवर येतोय. म्हटलं, एकदाच नीट लिहून टाकावं.

प्रश्न साधारण असा असतो: "६५ इंची टीव्ही, ५.१ चा सेट, हजार वॅट. बरोबर आहे ना रे?"

यावर मी उलटा प्रश्न विचारतो: "तू ऑफिसला गेल्यावर हे सुरू कोण करणार?"

समोरचा गप्प! कारण याचा विचारच केलेला नसतो. इंच मोजलेले असतात, वॅट मोजलेले असतात, ईएमआयचा हिशोब तर दशांशापर्यंत झालेला असतो. घरात किती माणसं आहेत आणि त्यातल्या कितीजणांना ही यंत्रणा वापरता येईल, हा आकडा मात्र कुठल्याच तक्त्यात नसतो.

तर माझं मत असं. दिवाणखान्यात बसवायच्या यंत्रणेची कसोटी एकच: घरातल्या ज्या माणसाला या विषयात काडीचाही रस नाही, त्याला ती कुणालाही हाक न मारता सुरू करता आली पाहिजे, आणि पडद्यावरचं पात्र काय बोललं हे त्याला पहिल्या फटक्यात कळलं पाहिजे. एवढं जमलं की बाकी सगळं बोनस. आणि एवढं जमलं नसेल, तर तुम्ही घेतलंय ते थिएटर असेल कदाचित, पण होम नाही.

आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' म्हणून एक प्रकार असतो. प्रोजेक्टमधली किती माणसं उद्या बसखाली आली (देव न करो) तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा एक असेल तर मॅनेजरची झोप उडते. आता आपापल्या घरी बघा. टीव्हीचा रिमोट, सेटटॉप बॉक्सचा रिमोट, साउंडचा रिमोट. आधी हा चालू करायचा, मग त्याचा इनपुट बदलायचा, मग टीव्हीचा आवाज शून्य करायचा, मग दुसऱ्याचा वाढवायचा. हे ज्याला येतं असा घरात एकच इसम, आणि तो सकाळी आठ वाजता कॅब पकडतो. मागे राहिलेली मंडळी दिवसभर टीव्हीच्याच पुचाट स्पीकरवर मालिका बघतात, आणि पन्नास हजारांचा साउंड सेट फुलदाणी ठेवायच्या कामी येतो. काही घरांत तर टीव्हीशेजारी 'पायरी १, पायरी २' असा कागद चिकटवलेला असतो. सॉफ्टवेअरवाल्याला तरी हे कळायला हवं, की टीव्ही लावायला मॅन्युअल लागत असेल तर चूक वापरणाऱ्याची नसते, डिझाइनची असते.

याचा परिणाम रिमोटपुरता राहत नाही. एकत्र बसून काही बघण्याची आपल्या घरांतली जी एकच जागा उरलीये, ती हळूहळू रिकामी होते. बाबा बातम्या मोबाइलवर बघायला लागतात, आजी 'मला काही कळत नाही बाई यातलं' म्हणून आतल्या खोलीत जाते, आणि दिवाणखान्यात ६५ इंची पडद्यासमोर आपण एकटे. हे विकत घ्यायला आपण लाखभर रुपये घातले का?

आता कसोटीतला दुसरा भाग, म्हणजे संवाद कळणे. 'हल्ली पिक्चरमधलं बोलणंच कळत नाही' ही तक्रार तुम्हीही केली असेल. म्हणून तर आपण मराठी सिनेमासुद्धा खाली इंग्रजी सबटायटल लावून बघतो. यात आपल्या कानांचा दोष कमी आहे. टीव्ही जसजसे चपटे होत गेले, तसतसा स्पीकरना जागाच उरली नाही. बहुतेक टीव्हीत ते खालच्या कडेला किंवा पाठीमागे असतात. आवाज आपल्याकडे येण्याऐवजी आधी भिंतीकडे नाहीतर टीव्ही युनिटच्या फळीकडे जातो आणि तिथून आपटून आपल्यापर्यंत पोचतो.

दुसरं कारण मिक्सिंगमध्ये आहे. उदाहरणार्थ, नेटफ्लिक्सच्या नियमांनुसार संवादांची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएसच्या आसपास ठेवावी लागते, आणि सर्वांत मोठ्या आवाजाला उणे २ डेसिबलपर्यंत जायची मुभा असते. (शून्य म्हणजे डिजिटल आवाजाचं छत. त्याच्या वर जायला जागाच नाही.) म्हणजे बोलणं आणि स्फोट यांत जवळपास २५ डेसिबलचं अंतर पडू शकतं, आणि २५ डेसिबल म्हणजे पॉवरच्या हिशोबात तीनशे पट! चांगल्या खोलीत, चांगल्या स्पीकरवर हे छानच वाटतं. पण वर पंखा फिरतोय, आत मिक्सर चालू आहे, कुकरची तिसरी शिट्टी व्हायचीये अशा घरात काय होतं? बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवायचा आणि गोळीबार सुरू झाला की रिमोट शोधत धावायचं.

तिसरं कारण वयाचं. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा ते सगळ्या पट्ट्यांत सारखं कमी होत नाही, आधी वरच्या कंपनसंख्या जातात. आणि शब्दाचा अर्थ ठरवणारी स, श, च, त, फ ही व्यंजनं बरीचशी तिथेच राहतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतच राहतात. 'चाल', 'साल' आणि 'ताल' यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा आहे. तेच निसटलं तर 'कुणीतरी काहीतरी बोललं' एवढंच कळतं. म्हणून घरातले ज्येष्ठ म्हणतात ना, 'आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत', ते अगदी शब्दशः खरं असतं. अशा वेळी आवाज नुसता मोठा करून उपयोग नाही. तो स्पष्ट करावा लागतो. दुकानात ज्या 'धडाम'वर सगळे फिदा होतात, तो बेस याच व्यंजनांना आणखी झाकून टाकतो.

आता वॅटकडे वळू, कारण सगळी लूट इथेच होते. खोक्यावर ठळक अक्षरांत हजारो वॅट छापलेले असतात आणि शेजारी बारीक अक्षरांत पीएमपीओ. हा आकडा कसा मोजायचा याचं सर्वमान्य मानकच नाही, त्यामुळे छापणारा वाट्टेल ते छापू शकतो. नाव सोनूबाई... पुढचं तुम्हाला माहीत आहेच. बघायचाच असेल तर आरएमएस वॅट बघा, पण त्याच्याही मागे फार लागू नका. ५० वॅटचे १०० वॅट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी पॉवर दसपट करावी लागते.

उलट बाजूने हिशोब करून बघा. एका साध्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल असते असं धरू, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल. सोफा नऊ फुटांवर असेल तर अंतरामुळे आठ-नऊ डेसिबल कमी होतील, तरी ७८ उरतात. समोरासमोर बसून आपण गप्पा मारतो तो आवाज ६० च्या आसपास असतो. म्हणजे रोजची मालिका, बातम्या, क्रिकेट हे सगळं एका वॅटच्या आतच चाललेलं असतं! मोठ्या पॉवरची गरज क्षणभराच्या धमाक्यापुरती. दिवाणखान्याला प्रत्येक स्पीकरमागे खरेखुरे ३०-५० वॅट भरपूर झाले. हजार वॅटचे पैसे देणं म्हणजे रोज कोपऱ्यावर दूध आणायला जायचं म्हणून ट्रक घेणं.

मग किती स्पीकर घ्यायचे? इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही: पुढचे तीन घ्या, चांगले घ्या आणि मागचे विसरा. निदान पहिल्या वर्षी तरी.

कारण ५.१ मधला सर्वांत महत्त्वाचा स्पीकर मधला, ज्याला सेंटर म्हणतात. जवळजवळ सगळे संवाद त्यातूनच येतात. सिनेमागृहात तो पडद्यामागे असतो, पडद्याला बारीक बारीक छिद्रं असतात त्यातून आवाज येतो, म्हणून पात्राचा आवाज त्याच्या तोंडातूनच आल्यासारखा वाटतो. स्वस्त सेटमध्ये नेमका हाच स्पीकर सर्वांत चिमुकला असतो. पाच स्पीकर आणि वर एक सबवूफर एवढ्यांत ठरलेले पैसे वाटायचे म्हटल्यावर कुणाच्या तरी ताटात कमी पडणारच. त्यापेक्षा तेच पैसे तिघांत वाटा.

मागच्या स्पीकरचं गणित तर आपल्या फ्लॅटमध्ये बसतच नाही. आयटीयूची बीएस.७७५ नावाची शिफारस आहे. तिच्यानुसार पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३०-३० अंशांवर हवेत आणि सराउंडचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे तुमच्या कानांच्या किंचित मागे. आता आपला दिवाणखाना डोळ्यांसमोर आणा. सोफा पाठीमागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जायची वाट. शास्त्राप्रमाणे डावा स्पीकर पडद्याच्या कापडात येतो आणि उजवा येतो शू-रॅकवर. मग इंटिरिअरवाला ते दोन्ही छताच्या कोपऱ्यात टांगतो आणि आपण सगळ्यांना सांगतो, 'आमच्याकडे ५.१ आहे'. डॉल्बी ॲटमॉसचंही तेच. २०१२ साली सिनेमागृहांत आलेलं हे तंत्र खरोखर भारी आहे, वाद नाही. पण छताकडे आवाज फेकून तो परतवणाऱ्या स्पीकरना सपाट, टणक छत लागतं. आपण तिथे तीन पायऱ्यांचं फॉल्स सीलिंग करून वर झुंबर लावलेलं असतं.

साउंडबार घेणार असाल तरी नियम तोच. खोक्यावर ३.१ लिहिलंय का बघा. पहिल्या ३ चा अर्थ डावा, उजवा आणि स्वतंत्र सेंटर. २.१ च्या बारमध्ये सेंटर नसतो, संवाद डाव्या-उजव्यात मिसळून वाजतात. पडद्याच्या बरोबर समोर बसलेल्याला ते चालून जातं, कडेच्या खुर्चीत बसलेल्या आजोबांना नाही. रिमोटवर संवाद उठावदार करायचं आणि रात्री मोठा-लहान आवाज सारखा करायचं बटण आहे का, तेही बघा. या दोन बटणांची किंमत माझ्या लेखी चार जादा स्पीकरपेक्षा जास्त आहे.

आता जोडणी. रिमोटचा निकाल इथेच लागतो.

एचडीएमआय २००२ च्या अखेरीस आलं तेव्हा त्यातून चित्र आणि आवाज एकाच दिशेने जायचे, बॉक्सकडून टीव्हीकडे. २००९ मध्ये आवृत्ती १.४ आली आणि तिच्यात एआरसी, म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनल आला. त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज उलट दिशेने साउंड सिस्टिमकडे जाऊ लागला. २०१७ च्या २.१ आवृत्तीत त्याचा मोठा भाऊ ईएआरसी आला. याशिवाय सीईसी म्हणून एक सोय असते. तिच्यामुळे एका यंत्राने दुसऱ्याला 'चालू हो', 'बंद हो', 'आवाज वाढव' असं सांगता येतं. गंमत म्हणजे प्रत्येक कंपनीने हिचं वेगळं बारसं केलंय. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, एलजीमध्ये सिम्पलिंक. त्यामुळे सेटिंगमध्ये 'सीईसी' शोधणाऱ्याला ते सापडत नाही आणि सोय वर्षानुवर्षं बंदच राहते.

तर माझी शिफारस अशी: सेटटॉप बॉक्स, स्ट्रीमिंगची काडी, गेमिंग कन्सोल, जे काय असेल ते सगळं टीव्हीला जोडा. टीव्हीपासून साउंडपर्यंत एकच एचडीएमआय केबल, दोन्ही टोकांना 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमध्येच. टीव्हीला तीन-चार पोर्ट असले तरी हे लेबल सहसा एकालाच असतं, आणि बसवणारा मुलगा घाईत हाताला येईल त्या पोर्टमध्ये घालून निघून जातो. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी चालू, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद, आणि डिजिटल ऑडिओ आउटपुट 'ऑटो' किंवा 'पासथ्रू'. झालं. आता टीव्हीचं बटण दाबलं की साउंड आपोआप सुरू, टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त, टीव्ही बंद केला की सगळं बंद. साउंडचा रिमोट ड्रॉवरमध्ये टाका.

सेटटॉप बॉक्सचा रिमोट तेवढा उरतो. पण बऱ्याच बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचं पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण शिकवता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, ते कुणी करत नाही. केलंत तर रोज फक्त चॅनल बघणाऱ्याला एकाच रिमोटवर भागवता येतं.

यावर जाणकार मंडळी लगेच म्हणतील, 'टीव्हीतून आवाज नेलास तर क्वालिटी जाते, सगळं आधी रिसीव्हरमध्ये घालायला हवं.' त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते कुणासाठी? ब्लू-रे डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडीसारखा, काहीही न गाळलेला आवाज असतो आणि तो साध्या एआरसीमधून जात नाही. तुमच्याकडे डिस्कचं कपाट असेल तर ईएआरसी घ्या किंवा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा, माझी हरकत नाही. पण आपण जे रोज बघतो त्या स्ट्रीमिंगमध्ये आवाज बहुतांशी डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो, ॲटमॉससुद्धा त्याच डब्यात बसून येतं, आणि ते साध्या एआरसीतूनही जाऊ शकतं. जो फरक तुमच्या घरातल्या मजकुरात मुळातच नाही, त्याच्यापायी घरच्यांना आणखी एक रिमोट कशाला?

टीव्ही जुना असेल, एआरसी नसेल, तर ऑप्टिकल केबल आहे. १९८३ मध्ये तोशिबाने आणलेली ही जोडणी आजही इमानेइतबारे काम करते. स्टिरिओ किंवा ५.१ चा डॉल्बी डिजिटल आवाज तिच्यातून जातो, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. पण तिच्यातून आज्ञा जात नाहीत, फक्त आवाज जातो. म्हणजे साउंडचा रिमोट पुन्हा ड्रॉवरच्या बाहेर! ब्लूटूथ मात्र स्पीकरसाठी टाळा. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने मागे पडू शकतो. कानाचं एक बरं आहे. आवाज मागून आला तर तो थोडं चालवून घेतो, पुढे आला तर चटकन पकडतो. आयटीयूच्याच एका शिफारशीत हे आकडे आहेत: आवाज ४५ मिलीसेकंद आधी आला तर जाणवायला लागतं, उशिरा आला तर १२५ पर्यंत खपून जातं. साहजिकच आहे. निसर्गात आवाज नेहमी प्रकाशाच्या मागूनच येतो, आधी वीज दिसते आणि मग गडगडाट. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर टीव्हीत किंवा साउंडमध्ये 'लिप सिंक' नावाची सेटिंग असते, ती एकदा बसून जुळवून टाका. कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात, त्यांना याचा फार आधार असतो.

वायरींबद्दल दोनच गोष्टी. एचडीएमआय केबल डिजिटल आहे. ती चालते तेव्हा पूर्ण चालते. नाहीतर चित्रावर ठिपके चमकतात, आवाज तुटतो नाहीतर पडदा काळा होतो. सोन्याचा मुलामा दिल्याने रंग गडद होत नाहीत, विक्रेत्याने कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. 'अल्ट्रा हाय स्पीड' असं छापलेलं आणि स्कॅन करून तपासता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल असलेली दोन-तीन मीटरची साधी केबल घ्या आणि मोकळे व्हा. स्पीकरच्या वायरचंही तेच. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१२ ओहम. दहा मीटरवरच्या स्पीकरसाठी जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे एकूण पाव ओहमच्या आत. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे तीन टक्के. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मीटरवर मिळणारी शुद्ध तांब्याची साधी वायर पुरते. फक्त ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नाही ना, हे चाकूने खरवडून बघा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती टीव्ही घ्यायच्या आधी करायची असते. नवीन फ्लॅटचं फर्निचर सुरू असेल तर टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत दीड-दोन इंची पाइप भिंतीत टाकून घ्या. काटकोनी वळण नको, ऐसपैस वळण द्या, आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. एचडीएमआयचं तोंड वीज फिटिंगच्या नेहमीच्या बारीक पाइपमधून जात नाही. ही दोरी म्हणजे भविष्यातल्या सगळ्या अपग्रेडची किल्ली. भिंत बंद झाल्यावर आठवलं तर वरातीमागून घोडं.

आणि शेवटी खोली. आपल्याकडे याबद्दल कुणी बोलतच नाही, कारण यात विकायला काही नाही. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये एक व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि त्यात वक्त्याचं बोलणंच कळेना, इतका आवाज घुमायचा. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. तो रात्री-अपरात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, खोलीत पसरायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि आवाज शोषणारी वस्तू जितकी जास्त तितका लवकर विरतो.

आपल्या दिवाणखान्याला हे लावून बघा. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, चारी बाजूंनी सिमेंटच्या भिंती, एका बाजूला काच, मध्ये काचेचं टीपॉय. अख्खी खोली म्हणजे स्वच्छ धुतलेलं स्टीलचं पातेलं! त्यात कितीही महागडा स्पीकर वाजवा, एका शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाच्या डोक्यावर बसणारच. सोफ्यापुढे जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर चुणीदार जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. एवढं केलं की बोलणं जितकं स्पष्ट होतं तितकं दहा हजारांनी महाग स्पीकर घेऊनही होत नाही. आणि सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात खोल ढकलू नका. त्याला फळीच्या पुढच्या कडेपर्यंत ओढा आणि तोंड किंचित वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे करा. खाली दोन रबरी गुटके लावले की काम झालं. खर्च: वीस रुपये.

म्हणून बजेट शंभर रुपये धरलंत तर माझी वाटणी अशी: टीव्हीला पन्नास, पुढच्या तीन स्पीकरच्या साउंडला पस्तीस, गालिचा-पडद्याला बारा, वायरींना तीन. टीव्ही एक आकार लहान घ्यावा लागेल, घ्या. पडद्याने नजरेचा साधारण ३० अंश भाग व्यापावा असा एक संकेत आहे. ५५ इंची टीव्हीला तो साडेसात फुटांवरून पुरा होतो, आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये सोफा त्याच्या फार लांब नसतो.

'मग यात मजा काय राहिली? हा छंद आहे, इतका हिशोबी कसला?' असंही कुणी म्हणेल. छंद जरूर करा. तुमच्याकडे वेगळी खोली असेल तर तिथे ७.१.४ लावा, भिंतींना फोम लावा, बारा रिमोट ठेवा, मी स्वतः बघायला येईन, पॉपकॉर्न माझ्याकडून. पण दिवाणखाना सगळ्यांचा असतो. आणि खालच्या मजल्यावरच्यांचाही थोडा असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि सबवूफरचा धडधडाट स्लॅबमधून खाली जातो तो दार बंद केल्याने अडत नाही.

दुकानात गेलात की त्यांचा हेलिकॉप्टरवाला डेमो बंद करायला सांगा. एखाद्या मराठी नाटकाचं रेकॉर्डिंग किंवा साध्या बातम्या लावा, बेस कमी करा, आवाज घरी ठेवता तेवढाच ठेवा, आणि आई-बाबांना सोबत न्या. 'शब्द कळतात का?' एवढंच विचारा. त्यांनी ज्याच्यावर मान डोलावली तो घ्या, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

बसवून झाल्यावर पहिल्या रविवारी एक परीक्षा घ्या. घरातल्या सर्वांत अनुत्साही सदस्याच्या हातात रिमोट द्या, काहीही समजावून न सांगता पिशवी घेऊन भाजी आणायला जा. परत आल्यावर दारातूनच कान द्या. आत कार्यक्रम लागलेला असेल आणि कुणी 'काय म्हणाला गं तो?' असं विचारत नसेल, तर तुमचे पैसे वसूल. नसेल, तर भाजी ठेवा आणि आधी तो एआरसीचा पोर्ट तपासा.